गाडीचा एसी खोलायचाय? आधी गॅस बाटलीत

आमच्या गॅरेजात नवीन आलेलं पोर पहिल्या आठवड्यातच विचारतं, "मामा, एसी गार करेना, म्हणजे गॅस संपलाय. पाइप खोलू काय?" मी हातातलं काम ठेवतो आणि उजव्या हाताची तर्जनी त्याच्यापुढे धरतो. नखाच्या कडेची कातडी तिथं अजून गुळगुळीत आहे, ठसा उमटत नाही.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका गॅरेजात मी शिकाऊ होतो. मे महिना, दुपारची वेळ, केए-२२ पासिंगची जुनी व्हॅन. एसी बंद पडलेला. "मोकळी हाय गाडी, काढ कंडेन्सर," असं मोठ्या मिस्त्रींनी सांगितलं आणि ते चहाला गेले. कंडेन्सर म्हणजे रेडिएटरपुढची एसीची जाळी. मी पाना लावला, नट अर्धा आटा फिरला, आणि फुस्स करून पांढरा धूर थेट बोटावर. आधी काहीच दुखलं नाही. बोट मेणबत्तीसारखं पांढरं पडलं आणि आपलं नाहीच असं वाटायला लागलं. मिस्त्री धावत आले, त्यांनी ते दोन्ही हातांनी खसाखसा चोळलं. तेही चुकीचंच होतं, पण तेव्हा कुणाला माहीत? संध्याकाळी बोरा­एवढा फोड आला.

गाडीत सर्रास असतो तो आर-१३४ए गॅस उघड्या हवेत उणे २६ अंशाला उकळतो. म्हणजे पाइपात दाबाखाली पातळ असलेला गॅस बाहेर पडला की तिथल्या तिथे उकळतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता तुमच्या बोटातून, गालातून, डोळ्यातून ओढून घेतो. डोळ्यात गेला तर बोटासारखं 'कातडी गुळगुळीत राहिली' एवढ्यावर भागत नाही.

मोकळी आहे का भरलेली, हे एसीला विचारू नका

एसी गार न करण्याची कारणं डझनभर. गॅस दाबणाऱ्या कॉम्प्रेसरचा क्लच लागत नसेल, फ्यूज उडाला असेल, पंखा फिरत नसेल, गॅस बारीक तोंडातून सोडणारा एक्सपान्शन व्हॉल्व्ह तुंबला असेल. यातल्या कशातही गॅस पुरेपूर भरलेला असू शकतो.

मग गेज, म्हणजे दाबाचा मापक, लावायचा. पण इथंही नवी पोरं फसतात. इंजिन बंद असताना गेजवर जो दाब दिसतो तो गॅस किती आहे हे सांगत नाही. आत पातळ गॅसचा थोडासा जरी अंश शिल्लक असेल, तरी दाब ठरतो तो फक्त तापमानावर. आर-१३४ए असेल तर १५ अंशाला सुमारे ५६ पीएसआय (दाबाचं एकक), २५ अंशाला ८२, ३५ अंशाला ११४. बॉनेट उन्हात तापून आतलं तापमान ४५ वर गेलं, तर दीडशेच्या वर. गाडीत साडेचारशे ग्रॅम असो की शंभर, काटा तिथंच उभा राहतो. डिसेंबरच्या सकाळी साठाच्या आत काटा बघून "निम्मा गेलाय" म्हणणारा आणि एप्रिलच्या दुपारी शंभराच्या वर बघून "जास्त भरलाय" म्हणणारा, दोघंही गॅसचा नाही, आपल्या बेळगावच्या हवेचा अंदाज सांगत असतात.

काटा त्या तापमानाच्या आकड्यापेक्षा बराच खाली असेल तर आत पातळ गॅस उरलेला नाही, नुसती वाफ आहे, एवढंच समजायचं. तरीही दाब आहेच. काटा शून्यावर असेल तरच मोकळी, आणि तेव्हासुद्धा कमी आणि जास्त दाबाच्या दोन्ही बाजूंचे गेज बघून. मधे कुठं तुंबलेलं असेल तर एक बाजू शून्य आणि दुसरी भरलेली असते.

आत कुठला गॅस आहे

बॉनेट उघडलं की रेडिएटरच्या वरच्या पट्टीवर किंवा बॉनेटच्या आतल्या बाजूला एक स्टिकर असतो. त्यावर गॅसचं नाव, ग्रॅममधलं वजन आणि बऱ्याचदा तेलाचा प्रकार. लहान गाड्यांत साधारण साडेतीनशे ते साडेपाचशे ग्रॅम. तो स्टिकर आधी मोबाइलवर टिपून घ्या, नंतर बंपर काढण्याच्या धांदलीत तो पुसला जातो.

नव्वदच्या दशकातल्या जुन्या गाडीत आर-१२ भेटू शकतो. ओझोनचा थर पोखरणारा हा गॅस मॉन्ट्रियल करारामुळे हद्दपार झाला. त्यानंतर आला आर-१३४ए. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ असतो. तो थोडासा पेट घेऊ शकतो आणि त्याची तोंडं, म्हणजे गेज जोडायच्या जागा, वेगळ्या मापाची असतात, म्हणून १३४ए चा गेज त्याला बसत नाही. बसत नाही ते बरंच आहे. अॅडॉप्टर शोधत बसू नका. त्याच्यासाठी मशीनही वेगळं लागतं.

स्टिकरवर मात्र आंधळा विश्वास नको. आपल्याकडे बेळगाव-चिक्कोडीच्या केए-२२, केए-२३ बरोबर कोल्हापूरच्या एमएच-०९ आणि गोव्याच्या गाड्याही येतात, चार हात फिरून आलेल्या. वाटेत कुणीतरी स्वस्तातला मिश्र गॅस भरलेला असतो, कधी चक्क एलपीजीसारखा काहीतरी. आर-१३४ए ला जवळजवळ वास नसतो. तोंडाची टोपी काढल्यावर स्वयंपाकाच्या गॅससारखा वास आला तर काम थांबवा. गॅस ओढून बाटलीत भरणारं साधं रिकव्हरी मशीन पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेलं नसतं, त्याच्या स्विचची ठिणगी पुरते. असली गाडी गॅस ओळखण्याचं यंत्र आणि योग्य मशीन असलेल्याकडेच न्यायची. शंकेचा गॅस चांगल्या गॅसच्या बाटलीत कधीच मिसळायचा नाही. २०११ मध्ये जहाजांवरच्या रीफर, म्हणजे थंड मालाच्या, कंटेनरांत भेसळीचा गॅस भरला गेला, त्यातल्या मिथाइल क्लोराइडची कॉम्प्रेसरच्या अॅल्युमिनियमशी गाठ पडली, कॉम्प्रेसर फुटले आणि माणसं दगावली. आपल्या गाडीतला कॉम्प्रेसरही अॅल्युमिनियमचाच.

हवेत सोडला तर काय होतंय?

हा प्रश्नही ठरलेला. "मामा, पिन दाबून सोडून देऊ की, दोन मिनिटांत काम." आमच्याकडं एक कन्नड पोरगं होतं, कुणी तोंडातल्या पिनेला हात लावला की ते गॅरेजच्या दुसऱ्या टोकावरून ओरडायचं, "गॅस बिडब्याड!" म्हणजे गॅस सोडू नको. आता मराठी पोरंही तसंच ओरडतात.

आर-१३४ए ची हवा तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट. साडेचारशे ग्रॅम सोडला तर साधारण ६४० किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो निघतो, म्हणजे हे झालं २८० लिटर पेट्रोल. लिटरला अठरा किलोमीटर धरा. बेळगाव ते बेंगळूरु पाच वेळा जाऊन यायचं, तेवढा धूर दोन मिनिटांत. शिवाय मॉन्ट्रियल कराराच्या किगाली दुरुस्तीला भारताने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे, २०३२ पासून या जातीच्या गॅसचा वापर टप्प्याटप्प्याने कमी करत २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचाय. आज जो फुकट सोडताय तो उद्या महाग होणार, हे माझं आपलं व्यवहारी मत.

आणि जवळचा धोका. हा गॅस हवेपेक्षा साडेतीन पट जड. तो वर उडून जात नाही, खाली बसतो. गाडी खड्ड्यावर उभी असेल तर खड्ड्यात साचतो, आणि खाली उतरलेल्या माणसाला श्वासाला हवाच उरत नाही. वास नसल्यामुळे कळतही नाही. म्हणून गॅसचं काम खड्ड्यावर करायचं नाही. शटर वर, पंखा चालू. बिडी-सिगरेट, वेल्डिंग, हीटर काही जवळ नको. ज्योतीवर किंवा लालबुंद लोखंडावर हा गॅस गेला की त्याचं विघटन होतं आणि हायड्रोजन फ्लोराइडसारखी घशाला, फुप्फुसाला जाळणारी वाफ होते. उद्यमबागेत शेजारच्या शेडमध्ये कायम वेल्डिंग चालू असतं, त्यांना दहा मिनिटं थांबायला सांगायची लाज वाटायला नको.

गॅस काढण्याचं काम

रिकव्हरी मशीन, गेज सेट, गॅस परत घेण्यासाठीची दोन व्हॉल्व्हची बाटली, वजनकाटा, बाजूनेही बंद असलेला चष्मा आणि जाड रबरी हातमोजे. यातलं मशीन नसेल तर ते असलेल्या गॅरेजात गॅस काढून घ्या आणि मग गाडी आणून निवांत खोला. फ्रिजचा जुना कॉम्प्रेसर लावून केलेले जुगाड मी पाहिलेत. नाव काढू नका.

पहिलं काम, एसी चालत असेल तर पाच-सात मिनिटं चालवायचा. गॅस आणि तेल कोमट होतं, गॅस लवकर निघतो. मग इंजिन बंद, चावी बाहेर.

जाड पाइपावरचं तोंड लो साइडचं, त्याला निळा होज. बारीक पाइपावरचं हाय साइडचं, त्याला लाल. १३४ए मध्ये ही दोन तोंडं मुद्दाम वेगळ्या मापाची केलेली आहेत, लो १३ मिलिमीटर आणि हाय १६, त्यामुळे उलटं बसत नाही. जोर लावावा लागला तर तुमचं चुकतंय. पिवळा होज मशीनला, मशीनमधून बाटलीला.

बाटली वजनकाट्यावर ठेवा. तिच्यावर दोन आकडे कोरलेले असतात: मोकळ्या बाटलीचं वजन आणि पाण्याच्या मापातली क्षमता. त्या क्षमतेच्या ८० टक्क्यांवर भरायची नाही. क्षमता १२ किलो असेल तर आत गॅस जास्तीत जास्त ९ किलो ६०० ग्रॅम. वरची जागा कशाला सोडायची? पातळ गॅस उन्हात फुगतो. गच्च भरलेल्या बाटलीत त्याला फुगायला जागा नसली की दाब असा चढतो की लोखंड फाटतं. गॅस विकत आणतो त्या एकदा वापरायच्या पातळ बाटल्यांत काढलेला गॅस भरायचा नाही, त्या परत भरण्यासाठी नसतातच.

सुरुवातीचं वजन लिहा. मशीन चालू करा आणि दोन्ही गेजचे काटे शून्याखाली, व्हॅक्यूममध्ये जाईपर्यंत चालू ठेवा. मग मशीन बंद, गेजचे नॉब बंद, आणि पाच-दहा मिनिटं काहीही न करता उभं राहायचं. हीच पायरी सगळे गाळतात. कॉम्प्रेसरमधल्या तेलात गॅस विरघळलेला असतो, सोडा बाटलीतल्यासारखा. दाब उतरला की तो हळूहळू बुडबुडून बाहेर येतो आणि काटा परत वर सरकतो. सरकला तर परत मशीन लावा. दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा. काटा जागेवर थांबला की गॅस निघाला.

ड्रायरच्या (गॅसमधली ओल शोषणाऱ्या डब्याच्या) किंवा एखाद्या पाइपाच्या बाहेर दव किंवा बर्फ धरला असेल तर तिथं पातळ गॅस अडकलाय. त्यावर कोमट पाण्याचं फडकं टाका. बर्नर, ब्लो-टॉर्च नाही.

आता परत वजन. निघालेला गॅस स्टिकरच्या आकड्याशी ताडून बघा. साडेचारशेच्या गाडीतून सव्वादोनशेच निघाला तर कुठंतरी गळती आहे. पार्ट काढायच्या आधीच हे कळलं, हा फायदा काय कमी? मशीनने गॅसबरोबर ओढलेलं तेलही वेगळ्या बाटलीत येतं, ते मोजून ठेवा. याचं काम पुढं लागतं.

पाना लावताना

बॅटरीची निगेटिव्ह आधी काढा. जोडाभोवतीची माती ब्रशने झाडा. गोव्याकडून चोर्ला घाटाच्या रस्त्यावरून आलेल्या गाडीला तर तांबडी माती थापलेलीच असते आणि ती एक कणही आत जाता कामा नये. आट्याचा जोड असेल तर दोन पाने घ्यायचे, एकाने धरायचं, दुसऱ्याने फिरवायचं. अॅल्युमिनियमचा पाइप पिळून तुटायला वेळ लागत नाही, आणि तुटला की त्यापेक्षा गॅस काढणंच सोपं होतं असं वाटायला लागतं.

चष्मा, मोजे घालून, तोंड बाजूला करून पाव आटा फिरवा आणि थांबा. ऐका. किंचित सुस्कारा आला तर तो संपेपर्यंत हात लावू नका. फुसफुस चालूच राहिली तर परत आवळा आणि मशीन पुन्हा जोडा. एवढ्या सवयीने माझं बोट वाचलं असतं.

पाइप सुटला की दोन्ही तोंडं लगेच बंद. प्लास्टिकच्या टोप्या मिळतात. नसतील तर स्वच्छ प्लास्टिकची पिशवी आणि रबर. कापडाचा बोळा नको, धागे सुटतात. ही घाई कशासाठी, ते जुलैत खानापूरकडं कधी काम केलं असेल तर सांगायची गरज नाही, तिथं भिंतीही घाम सोडतात. एसीतलं पीएजी तेल हवेतलं पाणी ओढून घेतं. ते पाणी पुढं गॅस आणि तेलाबरोबर मिळून आम्ल करतं, आतून खातं, आणि एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक तोंडात बर्फ होऊन बसतं. पावसाळ्यात मी तर सगळे नवे पार्ट हाताशी आल्याशिवाय जुना जोड खोलतच नाही.

कॉम्प्रेसर काढताना वायरिंग, बेल्ट, मग पाइप, मग बोल्ट. काढल्यावर जुन्यातलं तेल मापाच्या भांड्यात ओता, शाफ्ट हाताने फिरवत. समजा ६० मिली निघालं. नवा कॉम्प्रेसर बहुतेक वेळा पूर्ण सिस्टीमचं तेल भरून येतो, समजा १२० मिली. तो तसाच बसवला तर कंडेन्सर, कॉइल, पाइप यांत उरलेलं जुनं तेल अधिक हे १२०, म्हणजे तेल जवळजवळ दीडपट. गार कमी करतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. म्हणून नव्यातलं ओतून साठ ठेवायचं, वर मशीनने ओढलेलं जेवढं तेवढं. कंडेन्सर किंवा कॉइल बदलली तर त्यात राहिलेल्या तेलाची भर घालावी लागते, तो आकडा गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. तेल नेमकं त्याच ग्रेडचं, आणि डबा उघडला की झाकण लगेच. गेल्या वर्षी उघडलेला अर्धा डबा फुकट मिळाला तरी नको.

कंडेन्सरला फारसं काही नाही, फिन्स वाकवू नका. कूलिंग कॉइल डॅशबोर्डच्या आत असते आणि तिथं एअरबॅग असते. बॅटरी काढल्यावर मॅन्युअल सांगेल तेवढा वेळ थांबल्याशिवाय डॅशबोर्डला हात लावायचा नाही. ड्रायर मात्र प्रत्येक वेळी नवा आणि तो सगळ्यात शेवटी, व्हॅक्यूम लावायच्या अगदी आधी टोपी काढून. लवकर उघडलात तर तो तुमच्या गॅरेजातली हवा सुकवत बसतो.

हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी आली आणि कॉम्प्रेसरला केशरी वायर दिसली, तर नवशिक्याचं काम तिथं संपलं. ती उच्च दाबाची वीज आहे, तेलही वेगळं असतं. साधं पीएजी तेल घातलं तर वीज बॉडीत उतरू शकते.

परत जोडताना

ओ-रिंगा (जोडातल्या रबरी कड्या) सगळ्या नव्या, एसीच्याच, थोडं एसीचं तेल लावून. गळती बघायला कोरडा नायट्रोजन, रेग्युलेटर लावून. शेजारच्या शेडमधून ऑक्सिजनची बाटली ओढून आणायचा मोह होतो. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन म्हणजे स्फोट. नायट्रोजनची बाटली राखाडी आणि मान काळी, ऑक्सिजनची काळी आणि मान पांढरी. तरी रंगावर न जाता नाव वाचा.

मग आतली हवा आणि ओल ओढून घेणारा व्हॅक्यूम पंप, किमान अर्धा तास, पावसाळ्यात जास्त. इथं एक बेळगावी घोळ होतो. पुस्तकात आणि परदेशी व्हिडिओंत व्हॅक्यूमचा काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या वर जायला हवा असं सांगतात. ते समुद्रसपाटीचं. बेळगाव समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरवर, इथं हवेचाच दाब कमी, त्यामुळे उत्तम पंपही काटा सुमारे २७ च्या पुढं नेत नाही. एकाने या दोन इंचांपायी नवा पंप परत केला होता. २७ वर नेऊन पंप बंद करा आणि पंधरा मिनिटं काटा हलत नाही ना बघा. हलला तर गळती किंवा पाणी. नाही हलला तर स्टिकरवरच्या ग्रॅमांनी, काट्यावर वजन करून गॅस भरा.

लागलंच तर

बोटाला लागलं तर चोळू नका, गरम पाणी नको, शेक नको. कोमट पाण्यात धरा, अंगठी-घड्याळ काढा. डोळ्यात गेला तर पंधरा मिनिटं साध्या पाण्याने धुवत राहा, आणि तसंच धुवत डोळ्यांच्या डॉक्टरकडे. चक्कर आली तर माणसाला मोकळ्या हवेत न्या. तो खड्ड्यात पडला असेल तर मागोमाग उडी घेऊ नका, आधी पंखा लावा, लोकांना हाक मारा.

राहिली वही. आमच्याकडं दोनशे पानी वही आहे, तेलाचे डाग पडलेली. प्रत्येक गाडीला एक ओळ: गाडी नंबर, गॅस कुठला, निघाला किती, तेल निघालं किती, घातलं किती, गॅस भरला किती. काढलेला गॅस त्याच गाडीत परत गेला की मशीनमध्ये गाळून बाटलीत राहिला, तेही. दोन वर्षांनी तीच एमएच-०९ ची गाडी परत आली आणि मालक म्हणाला, "तुम्ही गॅस कमीच भरला होता ओ," तेव्हा मी वही उघडली. ४२० ग्रॅम. त्या दिवशी गाडीतून २६० निघाला, आणि कंडेन्सरच्या खालच्या कोपऱ्यात दगड लागून झालेली तेलकट खूण सापडली.